पदक मिळाल्यावर आणि हुकल्यावर : एका स्केटरच्या पालकांना उत्तर

एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची चौदा वर्षांची मुलगी इनलाइन स्पीड स्केटिंग, म्हणजे एका रांगेत चाके असलेल्या स्केट्सवरच्या शर्यती, करते. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत तिला ५०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळाले. यंदा ती वरच्या वयोगटात गेली आणि त्याच शर्यतीत अगदी थोडक्यात चौथी आली. शर्यत संपल्यावर ती ढसाढसा रडली, नंतर विजेत्या मुलीला तिने स्वतःहून मिठी मारली, आणि घरी आल्यापासून स्केट्सच्या बॅगेला तिने हात लावलेला नाही. पालकांना अधिक कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे गेल्या वर्षी जिंकल्यानंतरही ती कित्येक दिवस चिडचिड करत होती. मुलगी जरा जास्तच हळवी आहे का, तिला स्पर्धांपासून दूर ठेवावे का आणि तिच्याशी नेमके काय बोलावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी स्पीड स्केटिंगची प्रशिक्षक आहे आणि गेली बरीच वर्षे खेळाडूंच्या मानसिक तयारीवरही काम करते. त्या अनुभवावरून प्रथमच सांगते की आपल्या मुलीच्या वागण्यात मला काहीही वावगे दिसत नाही. पदक हुकल्याचे दुःख आपोआप ओसरते आणि त्यावर उपचार करण्याची गरज नसते. लक्ष द्यावे लागते ते त्या दुःखाचा मुलगी स्वतःशी जो अर्थ लावते त्याकडे. आणि हा अर्थ बहुतेक वेळा तिला आपण मोठी माणसेच नकळत पुरवत असतो. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

या खेळात भावना इतक्या टोकाच्या का होतात हे कळण्यासाठी शर्यत कशी संपते ते पाहावे लागते. धावण्याच्या शर्यतीत धड रेषेवर कधी पोहोचले ते पाहतात, आमच्याकडे पुढच्या स्केटचे चाक पाहतात. त्यामुळे शेवटच्या एक-दोन मीटरमध्ये पाय पुढे ताणून चाक रेषेवर नेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि जेमतेम पाऊण मिनिट ते मिनिटभर चालणाऱ्या ५०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या व पाचव्या क्रमांकांत कधी कधी एका स्केटच्या लांबीइतकेही अंतर नसते. शिवाय निकाल लगेच कळत नाही. खेळाडू रेषा ओलांडून वेग कमी करत वळणापर्यंत जातो, वळून फलकाकडे पाहतो, आणि तोवर त्याच्या मनाने एक निकाल धरून ठेवलेला असतो. फलकावर वेगळेच काही आले की ती घसरण फार मोठी वाटते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत घडले. पुरुषांच्या ३००० मीटर रिलेमध्ये दक्षिण कोरियाचा शेवटचा स्केटर जंग चोल-वॉन आघाडीवर होता. रेषा अगदी समोर आलेली असताना त्याने विजयाच्या आनंदात दोन्ही हात वर केले, आणि त्याच वेळी मागून आलेल्या तैवानच्या ह्वांग यू-लिनने पाय पुढे झोकून दिला. तैवानची वेळ ४ मिनिटे ५.६९२ सेकंद होती आणि कोरियाची ४ मिनिटे ५.७०२ सेकंद. कोरियाचे खेळाडू राष्ट्रध्वज हातात घेऊन जल्लोष करत असताना त्यांना कळले की सुवर्णपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले आहे. कोरियात आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकामुळे तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सवलत मिळते. जंग आणि त्याचा सहकारी चोई इन-हो यांच्या हातून ती संधीही गेली. जंगने पुढे जाहीर माफी मागितली.

या प्रसंगाकडे बहुतेक जण ‘रेषा ओलांडेपर्यंत थांबू नये’ या धड्याचे उदाहरण म्हणून पाहतात. तो धडा खरा आहे आणि आम्ही तो सरावात रोज शिकवतो. मला मात्र त्यात त्याहून महत्त्वाचे काही दिसते. त्या दिवशी जंगच्या वाट्याला एकाच वेळी तीन वेगवेगळ्या भावना आल्या असणार. हाती आलेले निसटले याचे दुःख, आपल्या कृतीमुळे सहकाऱ्यांचे नुकसान झाले हा अपराधीपणा, आणि साऱ्या जगाने ते पाहिले याची लाज. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, कारण तिन्हींमध्ये माणूस मान खाली घालून बसतो. पण दुःख काळाने कमी होते, आणि अपराधीपणा माफी मागून, चूक सुधारून हलका करता येतो; लाज मात्र माणसाला ‘मी मुळातच कमी आहे’ या निष्कर्षाकडे नेते, आणि खेळ सोडून देणारी मुले मी पाहिली ती बहुतांशी याच निष्कर्षामुळे. म्हणून आपली मुलगी गप्प आहे एवढ्यावर थांबू नये. ती या तिघांपैकी कशामुळे गप्प आहे, हे हळूहळू समजून घ्यावे.

आता त्याच शर्यतीतील तिसऱ्या क्रमांकाकडे पाहा. भारताच्या संघाने ४ मिनिटे १०.१२८ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळवले. त्या संघात आर्यनपाल सिंग घुमान आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्याबरोबर आपल्या महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. त्याच दिवशी संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हिरल साधू आणि आरती कस्तुरी राज यांनीही महिलांच्या रिलेत कांस्यपदक मिळवले होते. भारताचे पुरुष रौप्यपदकापासून चार सेकंदांहून अधिक मागे होते, म्हणजे ‘थोडक्यात हुकले’ असे म्हणायला त्यांना वरच्या बाजूला जागाच नव्हती. खालच्या बाजूला मात्र पदकाविना परतण्याची शक्यता उभी होती. म्हणून शंभराव्या भागाने दुसरे आलेले रडत होते आणि चार सेकंदांनी तिसरे आलेले आनंदात होते.

हे केवळ त्या दिवसापुरते नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील पदकविजेत्यांच्या चित्रफिती पाहून अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास क्रीडा मानसशास्त्रात सर्वांना परिचित आहे. त्यात रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक समाधानी दिसले. माणूस जे घडले त्याची तुलना जे अगदी सहज घडू शकले असते त्याच्याशी करतो, हे त्याचे कारण. आपल्या मुलीचा चौथा क्रमांक या दृष्टीने सर्वांत अवघड जागी आहे. ती दहावी आली असती तर कदाचित संध्याकाळपर्यंत सावरली असती. ‘इतकी जवळ आलीस, हेच किती मोठे आहे’ हे सांत्वन तिला लागू पडत नाही ते यामुळेच. जवळ आल्याचेच तर तिला दुःख आहे.

तिने विजेत्या मुलीला मिठी मारली याविषयी आपण थोडे साशंक दिसता. मन रडत असताना दुसऱ्याचे अभिनंदन करणे खोटे असते असे मानू नये. ज्या मुलीबरोबर एकाच ट्रॅकवर सराव केला, जिच्या मागे राहून वारा चुकवायला शिकलो, तिच्याबद्दल जिव्हाळा आणि मत्सर दोन्ही एकाच क्षणी असू शकतात, आणि चौदाव्या वर्षी ती दोन्ही नीट सांभाळणे हे मोठ्या प्रगल्भतेचे लक्षण आहे. याचे कौतुक तिच्यापाशी अवश्य करा, फक्त ‘पदकापेक्षा हे मोठे’ अशी जोड देऊ नका. तिला आज ते पदक हवे होते, आणि ते हवे असणे चुकीचे नव्हते.

जिंकल्यानंतरच्या चिडचिडीचा प्रश्न पालक क्वचितच विचारतात. आपण विचारलात याचे मला विशेष वाटते. बर्फावरच्या फिगर स्केटिंगमधला एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकच्या महिला एकेरीत ॲना शेर्बाकोव्हाला सुवर्ण, अलेक्झांड्रा ट्रुसोव्हाला रौप्य आणि जपानच्या काओरी साकामोटोला कांस्य मिळाले. दोघी रशियन मुली सतरा वर्षांच्या होत्या. ट्रुसोव्हाने फ्री स्केटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्या, लांब भागात, हवेत चार गिरक्या घेण्याच्या पाच उड्या मारल्या आणि त्या भागात सर्वाधिक गुण मिळवले. तरीही एकूण गुणांत ती २५१.७३ वर राहिली आणि शेर्बाकोव्हा २५५.९५ वर. ट्रुसोव्हा सर्वांसमोर रडत ओरडली की सगळ्यांकडे सुवर्णपदक आहे, फक्त तिच्याकडे नाही, आणि या खेळाचा तिला तिरस्कार वाटतो. साकामोटो कांस्यपदकाच्या आनंदाने रडली. आणि सुवर्ण जिंकलेली शेर्बाकोव्हा बराच वेळ एकटीच उभी होती. आनंदाबरोबर आतून रिकामेपणही वाटते आहे, असे तिने नंतर पत्रकारांना सांगितले. त्या स्पर्धेवर रशियाच्याच पंधरा वर्षांच्या कामिला वालिएव्हाच्या उत्तेजक द्रव्य प्रकरणाचे सावट होते आणि तीच पडत-धडपडत चौथी आल्याने वातावरण आणखी कोंदट झाले होते, हे खरे. तरी विजेतीला वाटलेले ते रिकामेपण मी कितीतरी लहान स्पर्धांत, कितीतरी शांत घरांतल्या मुलांमध्ये पाहिले आहे.

त्याची कारणे गूढ नाहीत. महिनोन्महिने शरीर आणि मन एका तारखेसाठी ताणलेले असते. ती तारीख गेली की ताण उतरतो, झोप बिघडते, थकवा एकदम जाणवतो. पहाटे उठून ट्रॅकवर जायचे कारणच काही दिवस नाहीसे होते. शिवाय जिंकणाऱ्या मुलीला एक नवे ओझे मिळते. कालपर्यंत तिला काही मिळवायचे होते, आजपासून ते राखायचे असते. सत्कार होतात, सोसायटीच्या फाटकावर तिच्या नावाचा फ्लेक्स लागतो, नातेवाईक ‘आता पुढे राष्ट्रीय’ असे म्हणू लागतात, आणि मुलीच्या मनात पहिला विचार येतो तो पुढच्या वर्षी हे जमले नाही तर काय, हा. गेल्या वर्षीच्या चिडचिडीचे मूळ बहुधा तेथे असावे, आणि यंदाच्या रडण्यातला काही भाग म्हणजे वर्षभर बाळगलेली ती भीती खरी ठरल्याचा धक्का असावा.

आपल्याकडे पदकाला आणखी एक वजन असते. शालेय क्रीडा स्पर्धांतील कामगिरीमुळे बोर्डाच्या परीक्षेत मिळणारे वाढीव गुण, शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, स्केट्स आणि चाकांवर झालेला खर्च, या सगळ्यांचा हिशोब घरात कधी ना कधी मोठ्याने होतो. कोरियातील लष्करी सवलतीइतका तो मोठा नसेल, पण मुलांच्या कानांवर तो पडतो आणि पदक हुकले की त्यांना वाटते आपण घराचे देणे बुडवले. व्यवहाराची ही बोलणी स्पर्धेच्या आठवड्यात तिच्यासमोर करू नयेत, एवढे आपल्या हातात नक्की आहे.

आता कारण कोणावर टाकावे या प्रश्नाकडे वळते, कारण खेळाडूचे पुढचे वर्ष यावर ठरते. कलात्मक स्केटिंगमध्ये परीक्षक असतात, त्यामुळे राग काढायला एक जागा मिळते. वेळेच्या शर्यतीत खेळाडू बहुधा सगळे स्वतःवर घेतो, किंवा उलट सगळे प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्यावर, ट्रॅकवर, चाकांवर टाकतो. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सचे स्वेन क्रेमर बर्फावरील १०,००० मीटरमध्ये सर्वांत वेगवान वेळ देऊन आले, पण मध्येच प्रशिक्षक गेरार्ड केमकर्स यांनी चुकीच्या लेनमध्ये जाण्याची खूण केल्यामुळे त्यांना बाद ठरवले गेले. रागाने त्यांनी गॉगल भिरकावला. तो राग पूर्ण न्याय्य होता, कारण चूक खरोखर दुसऱ्याची होती. तरीही क्रेमर यांनी त्याच प्रशिक्षकांबरोबर काम चालू ठेवले आणि २०१४ मध्ये सोची येथे ५००० मीटरचे सुवर्ण पुन्हा जिंकले. १०,००० मीटरचे ऑलिम्पिक सुवर्ण त्यांना कधीच मिळाले नाही. चूक कोणाची हे स्वच्छपणे मान्य करणे आणि त्या माणसाशी नाते न तोडणे या दोन्ही गोष्टी एकत्र शक्य आहेत, हे मुलांना दाखवण्यासाठी मी हे उदाहरण नेहमी सांगते.

कोणाचाच दोष नसलेले अपयशही असते. बर्फावरील स्पीड स्केटिंग करणाऱ्या अमेरिकेच्या डॅन जॅन्सन यांच्या बहिणीचे, जेन यांचे, १४ फेब्रुवारी १९८८ रोजी रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले आणि त्याच संध्याकाळी कॅल्गरी ऑलिम्पिकच्या ५०० मीटरमध्ये ते पहिल्याच वळणावर पडले. चार दिवसांनी १००० मीटरमध्येही ते पडले. १९९२ मध्ये अल्बर्टव्हिलला ५०० मीटरमध्ये ते चौथे आले. १९९४ मध्ये लिलेहॅमर येथेही त्यांच्या हुकमी ५०० मीटरमध्ये पाय घसरला आणि आठवा क्रमांक मिळाला. त्यानंतर उरलेल्या १००० मीटरमध्ये, जी त्यांची आवडती शर्यत कधीच नव्हती, त्यांनी १ मिनिट १२.४३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्ण जिंकले आणि बहिणीचेच नाव दिलेल्या आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन फेरी मारली. ही कथा सांगताना लोक चिकाटीचे कौतुक करतात. मला महत्त्वाचा वाटतो तो मधला काळ, ज्यात क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लोअर यांनी त्यांना रोज कागदावर ‘मला १००० मीटर आवडते’ असे लिहायला लावले होते. ते साधे वाटते, पण एका शर्यतीभोवती साचलेल्या भीतीचा अर्थ बदलण्याचे ते काम होते, आणि असे काम आठवड्यात होत नाही.

आपल्या मुलीसाठी याचा व्यवहारातला अर्थ काय, ते सांगते. स्पर्धेच्या दिवशी, विशेषतः तिच्या दुसऱ्या शर्यती बाकी असतील तर, हुकलेल्या पदकावर चर्चा करू नका. हेल्मेट आणि स्केट्स काढून तिला बसू द्या, पाणी द्या, रडायचे असेल तर रडू द्या, आणि मग फक्त पुढच्या शर्यतीविषयी, म्हणजे किती वेळ आहे, वॉर्म-अप कधी, कोणती चाके, एवढेच बोला. परतीच्या प्रवासात तिने विषय काढला तर ऐका, नाही काढला तर तुम्हीही काढू नका. मोबाइलवर घेतलेले शर्यतीचे चित्रण तिला त्या रात्री दाखवू नका आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तिच्याविषयी काहीही लिहू नका. मुले ते वाचतातच.

साधारण तीन-चार दिवसांनी, ती जरा मोकळी झाल्यावर, प्रशिक्षकांसह शर्यत पुन्हा पाहावी आणि कारणांची वाटणी करावी. सुरुवातीची पहिली पावले कशी पडली, दुसऱ्या वळणावर आतली रेषा का सुटली, शेवटी पाय ताणला की उभ्यानेच रेषा ओलांडली, हा तिच्या हातातला भाग झाला. वरच्या वयोगटात आल्यामुळे दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलींशी गाठ पडली, या वयात उंची आणि वजन झपाट्याने बदलल्यामुळे तोल व तंत्र पुन्हा बसवावे लागते, हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ताकद जास्त खर्ची पडली, हा परिस्थितीचा भाग. ही दुसरी यादी सबब म्हणून सांगितली जात नाही. गेल्या वर्षी पहिली आणि यंदा चौथी म्हणजे ती मागे गेली, हा चुकीचा हिशोब मोडण्यासाठी ती आवश्यक आहे. तिची यंदाची वेळ गेल्या वर्षीच्या वेळेशेजारी लिहून ठेवा. ती सुधारलेली असण्याची बरीच शक्यता आहे, आणि सुधारलेली नसेल तर सरावाचा विषय मिळाला.

स्केट्सच्या बॅगेला तिने हात लावला नाही म्हणून घाबरू नका. दहा-पंधरा दिवसांची विश्रांती शरीरालाही हवीच असते. परंतु दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप किंवा जेवण सुटले असेल, शाळा आणि मैत्रिणी यांच्यापासूनही ती दूर राहत असेल, किंवा स्वतःला इजा करण्याची अथवा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा एकदाही निघाली, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

स्पर्धा बंद कराव्यात का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, मात्र निर्णय तिचा असावा आणि तो रडण्याच्या आठवड्यात घेतलेला नसावा. ती परत येईल तेव्हा पहिली स्पर्धा लगेच ५०० मीटरची ठेवू नका. रिले किंवा लांब पल्ल्याची शर्यत असेल तर तिला त्यात उतरवा, कारण तेथे तिची गेल्या वर्षीच्या स्वतःशी तुलना होणार नाही आणि रिलेत तर सोबतीला मैत्रिणीही असतील. आनंदकुमार वेलकुमार हांगझोऊला रिलेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होता. २०२५ मध्ये चीनमधील चेंगडू येथे झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, त्याने १००० मीटर स्प्रिंटमध्ये पुन्हा कांस्यच मिळवले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत याच प्रकारात तो पहिला भारतीय विजेता ठरला. हे उदाहरण तिला सांगायचे असेल तर ‘तूही जिंकशील’ असे वचन म्हणून सांगू नका, कारण ते वचन कोणीच देऊ शकत नाही. ५०० मीटरला ती केव्हा परतणार, ते तिने आणि तिच्या प्रशिक्षकांनी सरावातील वेळा पाहून ठरवावे, आणि तोवर घरात त्या शर्यतीची तारीख कोणी विचारू नये.